निधी येण्याआधी भागीदारीचा करार कसा करावा

मुंबईतील एखाद्या वस्तीत महिला मंडळ, बचत गट, आरोग्याचे काम करणारा ट्रस्ट आणि अभ्यासिका चालवणारी तरुणांची संस्था शेजारी शेजारी काम करत असतात आणि एकत्र येण्याची इच्छाही त्यांच्यापैकी बहुतेकांना असते. तरीही अशी एकजूट पहिल्या प्रकल्पानंतर मोडते, कारण पैसा कोणाच्या खात्यात येणार, काम कोण करणार आणि श्रेय कोणाला मिळणार हे आधी लिहिलेले नसते. म्हणून सामंजस्य करार निधी मंजूर होण्यापूर्वीच करावा.

सुरुवात एका मोजक्या कामापासून करावी. ‘वस्तीचा विकास’ असे उद्दिष्ट लिहिले तर कोणीच कशालाही बांधील राहत नाही. त्याऐवजी ‘गोवंडीतील या चार गल्ल्यांमधील लसीकरण राहिलेल्या बालकांची यादी करून त्यांना महापालिकेच्या आरोग्य केंद्रापर्यंत नेणे’ असे लिहावे. महापालिकेच्या विभाग कार्यालयात सहायक आयुक्तांना द्यायचे पत्रही सर्व संस्थांच्या सह्यांनी एकच जावे.

जबाबदाऱ्या वाटताना ज्याचे जे बळ आहे, ते त्याच्याकडे ठेवावे. याचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. 1974 साली स्थापन झालेला राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ, 1984 मधील ‘स्पार्क’ ही संस्था आणि भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांमधून उभे राहिलेले ‘महिला मिलन’ यांनी दीर्घकाळ एकत्र काम केले. लोकांचे संघटन, बचत आणि घरोघरची गणना वस्तीतील माणसांकडे राहिली, तर निधी, दस्तऐवज आणि शासनाशी व्यवहार यांचा भार ‘स्पार्क’ने उचलला. वस्तीची माहिती वस्तीने गोळा केली, हे मला या रचनेतील सर्वांत मोलाचे वाटते.

पैशाच्या कलमाला सर्वाधिक वेळ द्यावा. परदेशी देणगी असेल तर 2010 च्या विदेशी अंशदान कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनुसार ती दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, मग त्या संस्थेकडे परदेशी देणगी घेण्याची नोंदणी असली तरीही. अशा वेळी खर्च निधी घेणाऱ्या संस्थेनेच करायचा असतो आणि त्याची मांडणी लेखापरीक्षकाला आधी दाखवून घ्यावी. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी काम राबवणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-1, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील नोंदणी लागते; नोंदणी नसलेल्या मंडळाला तो थेट मिळू शकत नाही. त्यामुळे मोठी संस्था खातेदार होते आणि लहान मंडळ तिच्यावर अवलंबून राहते. हा असमतोल कायद्यामुळे येतो, पण त्याचा फटका गल्लीत फिरणाऱ्या बाईला बसू नये ही जबाबदारी मोठ्या संस्थेची आहे. कार्यकर्त्यांचे मानधन, प्रवास, फोन, बैठकीच्या जागेचे भाडे या बाबी अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळींवर दाखवाव्यात, मानधनाची तारीख लिहावी आणि हिशेब दर महिन्याला सर्व भागीदारांसमोर मराठीत वाचून दाखवावा.

करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येक नोंदणीकृत संस्थेने विश्वस्त मंडळाचा किंवा कार्यकारिणीचा ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. केवळ अध्यक्षांच्या शब्दावर झालेली भागीदारी पदाधिकारी बदलले की अडचणीत येते. नोंदणी नसलेल्या मंडळाने आपल्या सभेत सही करणाऱ्या दोघी-तिघींची नावे ठरवून तसे लिहून ठेवावे.

बैठकींची जागा आणि वेळ या गोष्टी किरकोळ वाटतात, पण भागीदारी खरी आहे की नावापुरती, हे तिथेच कळते. अंधेरीच्या कार्यालयात सकाळी अकराला बोलावलेल्या बैठकीला मानखुर्दची घरकाम करणारी बाई दिवसाची मजुरी बुडवून येणार कशी? बैठक वस्तीत, तिथल्या स्त्रियांना सोयीच्या वेळी घ्यावी.

कुटुंबांची नावे, आजार आणि छायाचित्रे कोण ठेवणार, निधी देणाऱ्याला त्यातले काय दाखवणार आणि संमती कोण घेणार हेही करारात असावे. अहवालावर आणि फलकावर सर्व भागीदारांची नावे सारख्याच आकारात छापावीत.

शेवटचे कलम वेगळे होण्याचे. मतभेद झाल्यास आधी कोणी मध्यस्थी करायची, बाहेर पडण्यासाठी किती दिवसांची सूचना द्यायची, उरलेले साहित्य व याद्या कोणाकडे राहणार आणि थकलेले मानधन किती दिवसांत चुकते करायचे, हे संबंध चांगले असतानाच लिहावे. बाहेर पडणाऱ्या संस्थेने आपला निर्णय वस्तीच्या बैठकीत स्वतः येऊन सांगावा, अशी अटही त्यात घालावी.