लंडनला डेव्हिड लोची स्केचेस बघायची असतील तर आधी एवढं करून ठेवा

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत व्यंगचित्रकार डेव्हिड लोची पेन्सिल स्केचेस आहेत, बॉल्डविन, लॉईड जॉर्ज, चर्चिल असे त्या काळचे ब्रिटिश पुढारी, आणि व्यंगचित्रांची आवड असेल तर ती बघायलाच हवीत. पण ट्रॅफल्गर स्क्वेअरला आलोच आहोत तर डोकावू म्हणून गेलात तर बहुतेक हात हलवत परत याल, कारण कागदावरचं काम उजेडाने खराब होतं म्हणून ते कायम भिंतीवर लावून ठेवत नाहीत. म्हणून पहिलं काम घरीच. गॅलरीच्या वेबसाईटवर लोचं नाव टाका, हवं ते चित्र शोधा, त्याचा नंबर कंसातल्या आकड्यासकट लिहून घ्या (४५२९ ने सुरू होतो) आणि डिस्प्लेवर नसेल तर ईमेल करून अपॉइंटमेंट मिळेल का ते विचारा, तेही निघायच्या बरेच आठवडे आधी, तुमच्या तारखा कळवून. मूळ कागदच बघायचाय हे स्पष्ट लिहा.

दुसरी तयारी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे चेहऱ्याची. एकच पुढारी निवडा, समजा बॉल्डविन, आणि त्याचे १९२०-३० च्या दशकातले दोनतीन फोटो प्रिंट करून रोज थोडे बघा. खरा चेहरा डोक्यात पक्का नसेल तर लोने काय ताणलंय, काय सोडून दिलंय ते कळणारच नाही, नुसतं छान आहे म्हणून पुढे जाल. लो मूळचा न्यूझीलंडचा, १९१९ मध्ये लंडनला आला, १९२७ पासून ईव्हनिंग स्टँडर्डमध्ये होता, पेपरचा मालक बीव्हरब्रुक पक्का कॉन्झर्व्हेटिव्ह आणि तरी याने आपल्याला पटेल तेच काढलं, हे माहीत असलं की त्या रेघांकडे बघायची नजरच बदलते. शाईचं छापील चित्र एका झटक्यात काढल्यासारखं वाटतं, पेन्सिलच्या कामात मात्र तो माणूस कसा शोधत गेला ते दिसू शकतं, म्हणून रेघ कुठे परत गिरवलीय, कुठे सोडलीय ते सावकाश बघा, घाई करू नका.

जायच्या आधी एक संध्याकाळ आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेबांची चित्रं काढून बसा. दोघंही लोला फार मानायचे, लक्ष्मण तर लहानपणी त्याची Low ही सही 'काऊ' (Cow, गाय) अशी वाचायचे. त्या दोघांची ब्रशची जाड-बारीक रेघ कुठून आली ते तिथेच लक्षात येईल.

बॅगेत पेन्सिल आणि वही ठेवा, मूळ कागद दाखवतात अशा स्टडी रूममध्ये सहसा पेन चालत नाही. मोठी सॅक घरीच राहू दे, मोबाईलचा फ्लॅश बंद करा. ट्यूबने चेअरिंग क्रॉस किंवा लेस्टर स्क्वेअरला उतरा. कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही.

आणि जवळचा चष्मा घ्याच, फिकट पेन्सिलची रेघ त्याशिवाय नीट दिसत नाही.