शाई फुटते, त्यात बोरूचा दोष नसतो: हातकागदावर लिहिताना या चुका टाळा

मावशीच्या साठीला घरीच केलेल्या कागदावर तिचं नाव आणि चार ओळी लिहून द्यायच्या, असं मी ठरवलं होतं. कागद सुरेख झाला होता. ओबडधोबड कडा, मध्ये झेंडूच्या पाकळ्या. ‘षष्ट्यब्दी’ लिहायला घेतलं आणि पहिल्याच अक्षरात शाईला पाय फुटले. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ पोटासकट काळी झाली. बोरू, म्हणजे तासून केलेली लेखणी, बदलला, शाई बदलली, फरक शून्य. अक्षरात दिसणारी चूक बहुतेक वेळा लगद्याच्या टबात किंवा वाळवताना झालेली असते, हे कळेपर्यंत माझे दहाबारा कागद वाया गेले. म्हणून इथे शेवटाकडून मागे जाऊ.

शाई पसरते

लगदा जाळीवर उचलून नुसता वाळवला, तर तो टीपकागदच होतो. पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा, जुन्नर, दौलताबादजवळचा कागजीपुरा इथले जुने कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीर, कागद वाळल्यावर त्याला खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. पेशवाईतली मोडी कागदपत्रं आजही वाचता येतात, त्यात या खळीचा वाटा मोठा आहे. घरी आपण हीच पायरी गाळतो, कारण कागद वाळला की तो ‘झाला’ असं वाटतं.

खळ सोपी आहे. एक चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवा, कपभर पाण्यात घालून मिश्रण पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळून घ्या. कोमट असताना रुंद मऊ ब्रशने एका बाजूला लावा, वाळू द्या, मग दुसऱ्या बाजूला. जिलेटिन चालत असेल तर शाई त्यावर जास्त नेटकी बसते: अर्धा लिटर पाण्याला १० ते १५ ग्रॅम. आधी गार पाण्यात फुगवायचं, मग गरम करून विरघळवायचं. उकळलं तर त्याची ताकद जाते.

इथली नेहमीची चूक म्हणजे घाई. कालच वाळलेला, खळ नसलेला कागद ओला झाला की हातात तुटतो. मी त्याला तीनचार दिवस मुरू देते आणि खळ लावताना खाली प्लॅस्टिकचा ताव ठेवते, म्हणजे कागद तावासकट उचलता येतो. पुरता वाळला की गारगोटीने, मोठ्या कवडीने किंवा काचेच्या बाटलीने गोल गोल घोटा. स्टीलच्या वाटीने घोटू नका, करडे ओरखडे उमटतात.

लाकडाला लावतात तो पांढरा गोंद लगद्यात ओतायचा सल्ला बरेच जण देतात. मीही ऐकला होता. कागद कापडाला चिकटून बसला, आणि जो सुटला त्यावर शाईचे थेंब गोळा होऊन बसले.

टाक अडकतो, तंतू ओढले जातात

धातूचं टोकदार निब खरखरीत कागदात रुततं, तंतू उपटतं आणि पुढच्या तीन अक्षरांना त्या तंतूची मिशी फुटते. बोरू इथे फार समजूतदार. बोथट झाला तर चाकूने पुन्हा तासता येतो. तासताना काप मात्र देवनागरीचा हवा. इंग्रजी कॅलिग्राफीसाठी कापलेलं निब उलट्या बाजूला तिरकं असतं. त्याने ‘क’ काढला की जिथे रेघ भरायला हवी तिथे ती बारीक होते, आणि माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो.

शाई फाउंटन पेनातली नको. ती पातळ असते आणि पाण्याचा एक थेंब पडला तरी वाहते. काळी ड्रॉइंग इंक किंवा दुधाच्या सायीइतका पातळ केलेला पोस्टर कलर बरा.

पेन्सिलीने ओळी आखून नंतर खोडरबर फिरवणं ही हातकागदावरची हमखास फसगत. रबर रेघेबरोबर कागदाचा वरचा थरही घेऊन जातो. आधी साध्या कागदावर पूर्ण मजकूर त्याच बोरूने लिहा, त्याची घडी ओळीच्या जरा खाली घाला आणि ती पट्टी हातकागदावर ठेवून तिच्या खाली लिहीत चला. दोन ओळींत जागा सढळ सोडा. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार यांची टक्कर प्रत्येक नवशिक्याच्या कागदावर होते.

आता टबाकडे

वर्तमानपत्राचा लगदा फुकट मिळतो, पण त्यात लाकडातलं लिग्निन असतं. भेट दिलेला कागद भिंतीवर काही महिन्यांत पिवळा पडतो. उत्तम कागद सुती चिंध्यांचा. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने तोच केला. पण चिंध्या कुटायला यंत्र लागतं. घरच्या मिक्सरमध्ये त्या घालू नका, पात्याला गुंडाळल्या जातात आणि मोटर जळते. एका बाजूने छापलेले प्रिंटरचे कागद किंवा वह्यांची पानं घ्या. चकचकीत लग्नपत्रिका नको.

हिशेब सोपा आहे. ८० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या) एका ए-फोर कागदाचं वजन ५ ग्रॅम असतं. त्यातून ए-फाइव्ह आकाराचा साधारण १६० जीएसएमचा एक कागद निघतो, शुभेच्छापत्राला नेमका. तुकडे रात्रभर भिजवा, मिक्सरमध्ये मूठभर तुकड्यांना पाऊण भांडं पाणी घ्या आणि थांबत थांबत फिरवा. चटणी केली तर तंतू आखूड होतात आणि कागद बिस्किटासारखा मोडतो.

कागद मध्ये जाड आणि कडेला विरळ होत असेल तर जाळी ढिली आहे, चौकटीवर ताणून पुन्हा ठोका. पहिला कागद जाड आणि पाचवा झिरझिरीत येत असेल तर लगदा तळाशी बसतोय किंवा संपतोय. दर वेळी हाताने ढवळा, दोन कागदांनंतर मूठभर लगदा घाला. कापडावर उलटवताना कागद जाळीवरून सुटत नसेल तर खालचं कापड कोरडं आहे. मांजरपाट ओला करून पिळून पसरा, चौकट एका कडेने टेकवून दुसऱ्या कडेकडे झुलवत दाबा.

पाकळ्यांबद्दल एकच सांगते. ओला गुलाब घातलात तर तपकिरी डाग मिळेल, जास्वंद कागदभर जांभळी ओघळ सोडते. झेंडू वाळवून घातला तर रंग टिकवतो. हळदीने रंगवलेला कागद सुरुवातीला फार गोड दिसतो, पण उन्हात फिका पडतो आणि साबणाच्या हाताने धरला की लाल होतो. जिथे लिहायचं तिथे पाकळी नको, हेही ओघाने आलंच.

वाळवताना थेट उन्हात टाकलेला कागद पापडासारखा वळतो. आधी दोन फळ्यांमध्ये घालून वर गव्हाचा डबा ठेवा, पाणी निथळलं की काचेवर किंवा गुळगुळीत लादीवर चिकटवून सावलीत सोडा. पावसाळ्यात पंखा हवाच, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी. उरलेला लगदा मोरीत ओतू नका. गाळून, पिळून, गोळा करून वाळवा. पुढच्या वेळी पुन्हा भिजतो.

देण्याआधी

घडी घालायची असेल तर आधी चमच्याच्या दांड्याने पट्टीला धरून रेघ दाबून घ्या, नाहीतर घडीवर कागद फुटतो. आहेराचं पाकीट करणार असाल तर हे विसरू नका.

आणि मजकूर कुणाला तरी वाचायला द्या. ‘आशीर्वाद’मधली ‘शी’ दीर्घ. ‘दिवाळी’ ऱ्हस्व, ‘दीपावली’ दीर्घ. एवढा कागद करून, खळ लावून, घोटून मी ‘शुभाशिर्वाद’ लिहिलं होतं. मावशी मराठीची शिक्षिका होती. तिने कागद चौकट करून दिवाणखान्यात लावला आहे, आणि आलेल्या प्रत्येकाला त्या ‘शि’वर बोट ठेवून दाखवते.