लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये जाताना या चुका टाळा

लंडनला मुलाकडे किंवा लेकीकडे आलेल्या मराठी आईवडिलांच्या यादीत टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचं संग्रहालय हल्ली असतंच. प्रवेश फुकट, जागा नदीकाठची, आणि सेंट पॉल्स कॅथीड्रल बघून मिलेनियम ब्रिज ओलांडला की समोर दारच. तरी बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडून बहुतेक वेळा एवढंच निघतं, "इमारत भारी आहे हं." इमारत भारी आहेच. लंडनचा लाल टेलिफोन बूथ ज्यांनी घडवला त्या जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेलं हे वीजनिर्मिती केंद्र १९८१ मध्ये बंद पडलं आणि २००० मध्ये इथे कलासंग्रहालय सुरू झालं. पण आतल्या कामांबद्दल कोणी काही बोलत नाही, याचं कारण बऱ्याचदा आपण तिथे जातो कसे, यात असतं.

भलत्याच टेटला पोचणं

लंडनमध्ये टेट दोन आहेत. टेट ब्रिटन मिलबँकला, पिम्लिको स्टेशनजवळ. इंग्रज निसर्गचित्रकार टर्नरची चित्रं बघायची ती तिथे. टेट मॉडर्न बँकसाइडला; त्याला सदर्क किंवा ब्लॅकफ्रायर्स स्टेशन जवळ. मॅपमध्ये नुसतं 'टेट' टाकून वर दिसलेल्या नावावर बोट ठेवलं की घोळ होतो. झालाच तर दिवस वाया गेला असं समजू नका. दोन्ही टेटच्या मध्ये थेम्समधून बोट धावते, तिकीट काढून तिनेच या. आलात तिथे टर्नर बघून मगच निघा, हे वेगळं सांगायला नको.

रील बघून जाणं

सगळ्यात जास्त निराशा इथे पदरी पडते. जपानी कलावती यायोई कुसामाच्या आरशांच्या खोल्या २०२४ च्या वसंतातच संपल्या, पण रील अजून फिरतंय आणि माणसं अजून चौकशीला येतात. दहाव्या मजल्यावरून चहूबाजूंनी लंडन दिसतं, हेही असंच. समोरच्या काचेच्या फ्लॅटमध्ये राहणारे लोक 'आमच्या दिवाणखान्यात डोकावतात' म्हणून कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. तेव्हा गच्चीचा सध्या कोणता भाग उघडा आहे ते माहिती कक्षात विचारून मगच लिफ्टच्या रांगेत उभे राहा.

संग्रहातली कामंही जागा बदलतात. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्कोची प्रसिद्ध चित्रं २०२० मध्ये टर्नरच्या शेजारी लावायला टेट ब्रिटनला नेली होती, नंतर ती पॅरिसच्या प्रदर्शनालाही गेली. म्हणून एखादं ठरावीक चित्र बघायलाच जात असाल तर आदल्या रात्री टेटच्या संकेतस्थळावर त्या चित्राचं पान उघडा. ते सध्या भिंतीवर आहे की नाही, असल्यास कोणत्या टेटमध्ये, ते तिथे दिलेलं असतं.

आणि टर्बाइन हॉल, म्हणजे वीजकेंद्राची यंत्रं जिथे होती तो भव्य हॉल? १५२ मीटर लांब, ३५ मीटर उंच. तिथलं मोठं काम साधारण शरद ऋतूत बसवतात आणि वसंताच्या सुमारास काढतात. उन्हाळ्यात गेलात तर हॉल रिकामा मिळण्याची शक्यता बरीच. तेव्हा खाली बघा. डोरिस साल्सेडो या कोलंबियन कलावतीने २००७ मध्ये या हॉलच्या जमिनीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भेग पाडली होती. पुढे ती बुजवली, पण तिचा वण जमिनीवर अजून दिसतो. बहुतेक लोक त्यावरून चालत जातात आणि त्यांना पत्ताही नसतो.

फुकट म्हणजे सगळंच फुकट नव्हे

संग्रहातल्या दालनांना तिकीट नाही. विशेष प्रदर्शनांना असतं, तेही ठरावीक वेळेचं, आणि गाजणारं प्रदर्शन असलं की शनिवार-रविवारची तिकिटं आधीच संपतात. बारा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर प्रदर्शनातही तिकीट पडत नाही. तिकडे शिकणारी भाचरं-पुतणी १६ ते २५ वयातली असतील तर त्यांना टेट कलेक्टिव्हमध्ये नाव नोंदवायला सांगा. नोंदणीला पैसे पडत नाहीत आणि प्रदर्शनाचं तिकीट पाच पौंडांत मिळतं. हे तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

अर्धंच बघून परतणं

टेट मॉडर्न म्हणजे दोन इमारती आहेत. नदीकडची जुनी, चिमणीवाली. तिच्या मागे २०१६ मध्ये उघडलेली दहा मजली ब्लावाटनिक इमारत. मधे टर्बाइन हॉल. पुलाकडून आलेला माणूस जुन्या इमारतीत शिरतो, तिचे मजले बघतो आणि 'झालं' म्हणून निघतो. चौथ्या मजल्यावर दोन्ही इमारतींना जोडणारा पूल आहे, तिथून पलीकडे जा. तळाशी असलेले गोल काँक्रीटचे हौद पूर्वी तेल साठवायला वापरत, तेही चुकवू नका.

सगळं बघायचा हट्ट

अर्धंच बघू नका म्हटलं म्हणजे सगळं बघा असं नाही. सकाळी टॉवर ब्रिज, दुपारी लंडन आय आणि मधल्या पाऊण तासात टेट, असं अष्टविनायक दीड दिवसात उरकल्यासारखं केलं की पाय दुखतात आणि लक्षात काही राहत नाही. दोन-अडीच तासांत चार-पाच खोल्या नीट, एवढंच धरा. प्रवेश फुकट असल्यामुळे पुन्हा येता येतं, हा टेटचा मोठा फायदा कोणी वापरतच नाही.

रॉथ्कोची खोली लागलेली असेल तर ती या चार-पाचांत घ्या. न्यूयॉर्कच्या सीग्राम इमारतीतल्या महागड्या रेस्टॉरंटसाठी १९५८ मध्ये ही चित्रं करायला त्याने घेतली, मग मन फिरलं आणि काम सोडलं. त्यातली नऊ त्याने टेटला दिली. ती लंडनला पोचली २५ फेब्रुवारी १९७० ला, आणि त्याच दिवशी रॉथ्को गेल्याची बातमी आली. खोलीत उजेड मुद्दाम कमी असतो, त्याचीच तशी इच्छा होती. लोक दारातून डोकावतात, "दिवे गेलेत वाटतं" म्हणतात आणि पुढे सरकतात. तुम्ही बाकावर बसा. पहिल्यांदा नुसते काळपट मरून पडदे लटकावल्यासारखे वाटतील. चार-पाच मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात, मग मरूनवरचा दुसरा मरून सुटा दिसू लागतो, चौकटीच्या कडा हलल्यासारख्या वाटतात, कुठे रंग पातळ आहे आणि कुठे ब्रश ओढलाय ते कळतं. फोनच्या फोटोत यातलं काही येत नाही. फोन स्वतःच उजेड वाढवतो आणि चित्राची वाट लावतो.

"हे तर आमचा बंटीही करेल"

करेल की! पण हे म्हणून झाल्यावर पुढे जाऊ नका, तिथून बघायला सुरुवात करा. अमेरिकन शिल्पकार कार्ल आंद्रेचं १९६६ चं काम म्हणजे १२० भट्टीच्या विटा, दोन थरांत, चुना-सिमेंट काही न लावता रचलेल्या. टेटने त्या १९७२ मध्ये विकत घेतल्या आणि १९७६ मध्ये इंग्रजी वर्तमानपत्रांनी 'जनतेच्या पैशाने विटा' म्हणून रान उठवलं. एकाने तर त्यांवर निळा रंग ओतला. म्हणजे बंटीवाला शेरा आपण पहिल्यांदा मारत नाही, गोऱ्यांनी तो कधीच मारून ठेवलाय. मला स्वतःला या विटांपुढे फार वेळ उभं राहावंसं वाटत नाही, आणि तसं वाटलं नाही म्हणून काही बिघडतही नाही. आवडायलाच पाहिजे या दडपणाखाली माना डोलावणारे पाहुणे बंटीवाल्यांपेक्षा जास्त कंटाळलेले असतात.

पाटी आधी वाचणं

शक्य तेवढं आधी काम बघा, मग पाटी. पाटीत एक ओळ मात्र सोडू नका: काम टेटकडे कधी आणि कसं आलं. मुंबईत १९३४ मध्ये जन्मलेले, बडोद्यात हिशेबनिसाची नोकरी सांभाळून चित्रं काढणारे भूपेन खक्कर घ्या. त्यांच्या १९८१ च्या चित्रात एक नागडा माणूस सज्जातून गावाकडे बघतोय आणि खाली बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट चालू आहे, जी आपल्याला कोणी समजावून सांगावी लागत नाही. हे चित्र टेटने घेतलं १९९६ मध्ये आणि खक्करांचं मोठं प्रदर्शन इथे भरलं २०१६ मध्ये. गोव्यात जन्मलेल्या चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांचा क्रूसावरचा ख्रिस्तही टेटच्या संग्रहात आहे. ही कामं लागलेली आहेत का ते बघून जा. पाश्चात्त्य मंडळी संदर्भासाठी पाटी वाचत असतात तिथे आपण थेट चित्रात शिरतो, हा अनुभव परदेशातल्या संग्रहालयात क्वचित मिळतो.

हात लावायचा की नाही

जुन्या चित्रांना लावायचा नाही, हे सगळ्यांना कळतं. समकालीन कामांत घोटाळा होतो, कारण काहींत चालायचं असतं, काहींत झोपायचंही. चिनी कलावंत आय वेवेने २०१० मध्ये टर्बाइन हॉलमध्ये चिनी मातीच्या दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या होत्या. सुरुवातीला लोक त्यांवर चालले, मग उडणाऱ्या धुळीमुळे काही दिवसांतच ते बंद झालं. नियम असे मधेच बदलतात, म्हणून दालनातल्या कर्मचाऱ्याला विचारा. खुर्चीवर गप्प बसलेली ती मंडळी पहारेकरी वाटतात, पण विचारलंत तर कामाबद्दलही छान बोलतात.

फोटो बहुतेक दालनांत काढता येतात, पण फ्लॅश, ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक चालत नाही. चेकआउटच्या दिवशी मोठी सूटकेस ओढत येऊ नका, ती हॉटेलात किंवा स्टेशनवरच्या सामानघरात ठेवा. गुडघे कुरकुरत असतील तर लाज न बाळगता व्हीलचेअर मागा, मिळते. गर्दी नको असेल तर शुक्रवार-शनिवारची संध्याकाळ बरी, तेव्हा संग्रहालय उशिरापर्यंत उघडं असतं. नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर २४ ते २६ डिसेंबर बंद, ते तीन दिवस सोडून आखा.