जिंकलेले डाव घड्याळावर जायचे, तेव्हा

बुद्धिबळाच्या ३ मिनिटांच्या ऑनलाइन डावांत माझं एकच दुखणं होतं: पटावर वरचढ, घड्याळावर हार. एकदा माझ्याकडे राजा आणि हत्ती, समोर एकटा राजा. मात करायच्या आत वेळ संपली आणि डाव बरोबरीत सुटला. (एकटा राजा मात करू शकत नाही, म्हणून हार टळली.) फार जिव्हारी लागलं.

मग हरलेले २० डाव उघडले आणि फक्त वेळ पाहिली. पहिल्या १० खेळ्यांतच दीड मिनिट जात होतं! दर डावात नवी सुरुवात करायची हौस नडत होती. आता पांढऱ्याकडून ‘लंडन’ ही एकच सुरुवात: वजिरापुढचं प्यादं दोन घरं, काळ्या घरांतला उंट बाहेर, मगच राजापुढचं प्यादं एक घर. काळ्याकडून ‘कारो-कान’ ही बचावाची सुरुवात. हल्ल्याचा माझा स्वभाव तसाच आहे, पण विचाराची वेळ मधल्या डावासाठी उरते.

शिवाय दर खेळीला २ सेकंद वाढणारे डाव निवडतो. आणि हत्तीची मात संगणकाशी रोज १० वेळा घोटवली: राजाला एका पट्टीत कोंडायचं, आपला राजा समोर आणायचा, मग शह. हात बसला की २० सेकंद पुरतात.