बंद खोलीतील जनरेटर थंड कसा ठेवावा

एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा चाळिशीला टेकलेला असताना वीज गेली, तर बेदाण्याच्या शीतगृहाचा जनरेटर तासन्‌तास चालवावा लागतो. अशा वेळी इंजिन तापून बंद पडले की कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, दोष दिला जातो. खरा दोष अनेकदा खोलीचा असतो.

डिझेलमधील साधारण ३५ ते ४० टक्के ऊर्जाच विजेत उतरते. बाकीची धुरातून, रेडिएटरमधून आणि इंजिनाच्या अंगावरून उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. रेडिएटरची गरम हवा थेट भिंतीबाहेर सोडली, तरी इंजिन, अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) व धुराचा पाइप यांची उष्णता खोलीतच साचते. खोलीचे तापमान बाहेरपेक्षा दहा अंशांहून अधिक वाढू द्यायचे नसेल, तर या साचणाऱ्या उष्णतेच्या प्रत्येक किलोवॉटमागे ताशी सुमारे ३०० घनमीटर हवा खेळती हवी.

म्हणून हवा आत घेणारी खिडकी अल्टरनेटरच्या बाजूला, खालच्या अंगाला ठेवावी आणि तिचे मोकळे क्षेत्रफळ रेडिएटरच्या जाळीच्या किमान सव्वा ते दीडपट असावे. येथे ‘मोकळे’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण लूव्हरच्या, म्हणजे खिडकीवरील झडपेच्या, तिरप्या पट्ट्या निम्मी जागाही अडवू शकतात. तेवढे भोक भिंतीत वाढवून घ्यावे. पावसाळ्यात याच खिडकीवर ताडपत्री बांधण्याची आपल्याकडची सवय इंजिनाच्या मुळावर येते. त्याऐवजी बाहेरून छज्जा काढावा. जनरेटर चालू असताना बाहेर उघडणारे दार ओढायला जड जात असेल, तर हवा आत येण्याची वाट अपुरी आहे, हे नक्की समजावे.

रेडिएटर आणि भिंतीतील भोक यांच्यामध्ये पत्र्याचा डक्ट (हवेचा बंदिस्त मार्ग) बसवून तो कॅनव्हासच्या लवचीक पट्टीने जोडावा. डक्टच्या कडेशी कागदाची पट्टी धरून पाहावी; ती आतल्या बाजूला फडफडली, तर गरम हवा खोलीत परतत आहे आणि पंखा तीच पुन्हा रेडिएटरमधून ढकलत आहे. डक्टचे तोंड शक्यतो पश्चिमेकडे ठेवू नये, कारण पावसाळ्यातील पश्चिमेचा वारा पंख्याच्या विरोधात उभा राहतो. जागेअभावी ते टाळता येत नसेल, तर समोर अंतर सोडून आडभिंत बांधावी. छताला हौसेने लावलेला जास्तीचा एक्झॉस्ट फॅनही आत येणारी हवा अपुरी असेल, तर रेडिएटरच्या वाट्याची हवा पळवतो.

धुराच्या पाइपावर रॉकवूल (उष्णतारोधक दगडी लोकर) गुंडाळून वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवावा आणि त्याचे तोंड खिडक्यांपासून दूर, उंचावर न्यावे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या रखवालदाराला तो जाणवणारच नाही. लहान पेट्रोल जनरेटर तर खोलीत चालवूच नये.

शेवटी एअर फिल्टरजवळ तापमापक टांगावा. तासभर पूर्ण भारावर चालवल्यावर तेथील तापमान बाहेरपेक्षा दहा अंशांहून जास्त भरले, तर प्रथम जाळीवरची धूळ झाडावी, मग खिडकी मोठी करावी. बंद करण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटे भाराविना चालवावे व त्यानंतरही लूव्हर लगेच मिटू नयेत.