‘तेवढं तपासून द्या’: अमेरिकेतील रायटिंग सेंटर चालवताना

अमेरिकेत इंग्रजी विषयात पीएच.डी. करायला येणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांपैकी काहींना असिस्टंटशिप म्हणून विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना लेखनात मदत करणाऱ्या केंद्रात, ट्युटरचे काम मिळते, आणि दोन-तीन वर्षांनी त्यातल्याच एखाद्यावर ते केंद्र चालवण्याची निम्मी जबाबदारी येऊन पडते. मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात माझ्यावर ती अशीच येऊन पडली. संशोधनाचे आराखडे आणि संदर्भसूचीच्या शैली पाहायला आपण सगळेच परड्यू विद्यापीठाच्या ‘आउल’ या संकेतस्थळावर जातो. पण त्यामागे १९७६ पासून चालत आलेली एक रायटिंग लॅब आहे, तिथे माणसे समोरासमोर बसून मसुद्यांवर बोलतात, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हते.

कामाचे स्वरूप वरवर साधे आहे. विद्यार्थी आपला कच्चा मसुदा घेऊन येतो, ट्युटर त्याच्या शेजारी बसतो, ४५ मिनिटे दोघे त्या मजकुरावर बोलतात आणि उरलेल्या १५ मिनिटांत ट्युटर सेशनची नोंद लिहितो. पेन शक्यतो विद्यार्थ्याच्याच हातात राहते. व्यवस्थापकाची खरी परीक्षा मात्र वेळापत्रकात असते. १२ ट्युटर आठवड्याला सरासरी १० तास बसले, तर १२० सेशन होतात, असा हिशेब मी पहिल्या ऑगस्टमध्ये मांडला आणि निश्चिंत झाले. सेमिस्टरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ट्युटर रिकाम्या टेबलांशी बसून राहिले; नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर मात्र एकही स्लॉट शिल्लक नव्हता, आणि नेमके त्याच आठवड्यात ट्युटरांचे स्वतःचे पेपरही द्यायचे असल्यामुळे रजेचे अर्ज येऊ लागले. ज्या आठवड्यात मागणी सर्वांत जास्त, त्याच आठवड्यात मनुष्यबळ सर्वांत कमी, हा या केंद्रांच्या रचनेतलाच दोष आहे, कारण इथे शिकवणारेही विद्यार्थीच असतात.

यावर उपाय म्हणून आम्ही सुरुवातीच्या आठवड्यांतले तास वाचवून शेवटच्या आठवड्यांकडे वळवले. नवख्याने इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि ही मर्यादा त्याच्या सगळ्या नोकऱ्या मिळून असते. मी एका ट्युटरला वाढीव तास दिले. तो संध्याकाळी ग्रंथालयातही काम करतो, हे मी विचारलेच नव्हते. पगारपत्रक पाहणाऱ्या बाईंच्या वेळीच लक्षात आले म्हणून निभावले, नाही तर माझ्या हलगर्जीपणाची किंमत त्याच्या व्हिसाला मोजावी लागली असती. तेव्हापासून नेमणुकीच्या अर्जात ‘अन्यत्र किती तास?’ हा रकाना पहिला असतो.

दुसरा, आणि माझ्या मते अधिक मूलभूत, प्रश्न ‘तेवढं तपासून द्या’ या मागणीचा. आम्ही प्रूफरीडिंग करत नाही, अशी पाटी बहुतेक केंद्रांत असते आणि तिच्यामागचे तत्त्व बरोबर आहे: मजकूर सुधारून देण्यापेक्षा लिहिणारा सुधारावा. पण या पाटीआड लपून परभाषक विद्यार्थ्यांना हात हलवत परत पाठवणेही फार सोपे जाते. लातूरकडचा एक सिव्हिलचा विद्यार्थी माती परीक्षणाचा अहवाल घेऊन आला होता. ‘द’ हे उपपद त्याने चवीपुरते मीठ भुरभुरावे तसे पानभर टाकले होते. आमच्या ट्युटरने शिकवल्याप्रमाणे त्याला सांगितले, मोठ्याने वाच, म्हणजे कुठे खटकते ते कळेल. ज्याच्या कानावर लहानपणापासून इंग्रजी पडलेले नाही, त्याला काय खटकणार? सेशन संपल्यावर तो मला मराठीत म्हणाला, “ताई, मला ऐकूच येत नाही कुठे चुकलंय ते.” मी त्याला एवढेच विचारले, “हा नमुना वाचणाऱ्याला पहिल्यांदाच भेटतोय, की मागच्या वाक्यात भेटून गेलाय?” आपण ‘एक नमुना घेतला’ म्हणतो आणि पुढे ‘तो नमुना वाळवला’ म्हणतो, तसेच इंग्रजीत आधी ‘अ’ आणि मग ‘द’; उपपदांचे सगळे नियम यात येत नाहीत, पण हातात धरायला एक टोक मिळते. त्याने पेन्सिल घेतली आणि त्या पानावरच्या सात जागा स्वतः शोधल्या.

त्या सेमिस्टरमध्ये आम्ही पाटीवरचे वाक्य बदलले. एका सेशनमध्ये एकाच प्रकारची चूक घेऊन ती स्वतः ओळखायला शिकवू, असे आता तिथे लिहिलेले आहे. ट्युटरांच्या प्रशिक्षणातही, केवळ प्रश्न विचारत राहण्यापेक्षा नियम सरळ सांगून टाकणे केव्हा अधिक प्रामाणिक ठरते, यावर आम्ही दोन पूर्ण तास दिले. जुन्या ट्युटरांना हे रुचले नाही, आणि त्यांची धास्ती अगदीच निराधार नव्हती: सांगण्याची सवय लागली की पेन हळूहळू ट्युटरच्या हातात येते.

प्राध्यापकांशी संबंध जपताना सेशनच्या नोंदींचा प्रश्न हमखास उभा राहतो. ‘माझा विद्यार्थी येऊन गेला का, काय झाले?’ असा ई-मेल येतो आणि नवा व्यवस्थापक भिडेखातर सगळे कळवून टाकतो. विद्यार्थ्यांच्या नोंदींना संरक्षण देणारा १९७४ चा फर्पा कायदा आहेच, पण त्याहून व्यवहाराची बाब अशी की, इथले बोलणे वर्गात पोहोचते असा संशय एकदा आला, की विद्यार्थी फक्त चांगले मसुदे घेऊन येऊ लागतात. विद्यार्थ्याची संमती असेल तरच कळवावे, आणि आपण सक्तीने पाठवलेल्यांपैकी कोण आले याची यादी मागणाऱ्या प्राध्यापकांना नम्रपणे नकार द्यावा.

चॅटजीपीटी आल्यानंतर केंद्रे ओस पडतील, असे बोलले जात होते. आमच्याकडे येणाऱ्यांची गर्दी हटली नाही. बदलले ते मसुदे. वाक्ये गुळगुळीत असतात आणि ‘या परिच्छेदात तुला काय म्हणायचे आहे?’ या प्रश्नावर समोरचा गप्प होतो. अशा सेशनमध्ये लॅपटॉप बंद करून कोरा कागद पुढे ठेवावा.

दर मे महिन्यात काही ट्युटर पदवी घेऊन निघून जातात आणि केंद्राची आठवणही त्यांच्याबरोबर जाते. म्हणून मी पदभार सोडताना एक फाइल करून ठेवली: कोणत्या विभागाची मोठी असाइनमेंट कोणत्या आठवड्यात येते, कोणते प्राध्यापक ‘व्याकरण’ म्हणतात तेव्हा त्यांना मांडणी अभिप्रेत असते, अंदाजपत्रकाचा अर्ज कधी द्यायचा. शेवटच्या पानावर त्या विद्यार्थ्याच्या अहवालाच्या पानाची प्रत आहे, त्याच्या परवानगीने आणि नाव खोडून. नव्या ट्युटरला पहिल्या दिवशी तीच दिली जाते. त्या सात जागा त्याने आधी शोधायच्या आणि प्रत्येक ठिकाणी कारण सांगायचे. इंग्रजीच्या वातावरणातच वाढलेले ट्युटर जागा चटकन दाखवतात आणि कारणापाशी अडखळतात.