आधी छप्पर, मग जिना: गेममधल्या लेव्हल बांधण्याच्या कामाबद्दल

पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत ज्युनिअर गेम डिझायनर म्हणून लागलो, तेव्हा मला वाटलं होतं की आता ड्रॅगन, तलवारी, जादूची गावं असलं काहीतरी करायला मिळणार. पहिल्या सोमवारी हातात आली एक कोरी स्प्रेडशीट. मोबाइलवरचा रोल-प्लेइंग गेम होता आणि माझं काम होतं नायकाच्या लेव्हल ठरवायच्या. कितव्या लेव्हलला किती एक्सपी (अनुभवाचे गुण) लागणार, ताकद कितीने वाढणार, आणि शेवटची लेव्हल, म्हणजे लेव्हल कॅप, कुठे ठेवायची.

मी कॅप ठेवली १००. कारण विचाराल तर शंभर हा आकडा बरा दिसतो, एवढंच. पहिल्या पायरीला १०० एक्सपी, पुढची प्रत्येक पायरी आधीच्या १.१५ पट. राक्षस मारला की त्याच्या लेव्हलच्या दहापट एक्सपी मिळणार. सूत्र खाली ओढलं, शंभर ओळी भरल्या, संध्याकाळी पाचला घरी गेलो. इतकं सोपं काम आणि वर पगार, असा विचार करत सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्येही खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या लीडने शीट उघडून एकच प्रश्न विचारला. "शेवटची लेव्हल गाठायला किती तास?"

"बरेच," मी म्हणालो.

"बरेच हा आकडा नाहीये. भागाकार कर."

केला. ९९ वरून १०० वर जायला जवळजवळ ८ कोटी ८८ लाख एक्सपी लागत होते. नव्व्याण्णवाव्या लेव्हलचा राक्षस देणार ९९०. म्हणजे साधारण ९० हजार राक्षस. एकेकाला २० सेकंद धरले तरी जवळपास ५०० तास, तेही फक्त शेवटच्या पायरीला. आमच्या गेममध्ये राक्षसांचे प्रकार होते अकरा.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न बहुतेक वेळा इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) कुठलं शिकू, कोर्स कुठला करू, इथून सुरू होतात. त्याबद्दलही सांगतो, पण प्रोग्रेशनचं, म्हणजे खेळाडूला पायरीपायरीने वर नेण्याचं, काम मला जसं समजत गेलं तसं आधी सांगतो. मी जिना खालून वर बांधत सुटलो होतो. छप्पर किती उंचीवर आहे हे आधी ठरवायचं असतं आणि मग तिथपर्यंत किती पायऱ्या बसतात ते बघायचं.

लेव्हल ही कल्पना कॉम्प्युटरवर जन्मलेली नाही. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) आला. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली माणसं. पराक्रमाचे गुण साठवायचे, ठरावीक बेरीज झाली की पात्र एक पायरी वर. कॉम्प्युटर गेमनी हे जवळपास जसंच्या तसं उचललं. आईला एकदा समजावत होतो तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे इयत्ताच की." बरोबर. आणि कॅप? "दहावीनंतर पुढे शाळाच नाही, असं?" तेही बरोबर, फक्त गेममध्ये शाळा सुटल्यावरही पोरांनी वर्गात बसून राहावं अशी मालकाची इच्छा असते.

सुरुवातीच्या काळात छप्पर बऱ्याचदा यंत्रच ठरवायचं. १९८६ च्या पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये शेवटची लेव्हल ३० आणि तिला लागणारे एक्सपी बरोबर ६५,५३५. सोळा बिटांत मावणारा हा सगळ्यात मोठा आकडा, त्यापुढे मोजायला जागाच नाही. १९९६ च्या पहिल्या 'पोकेमॉन'मध्ये कॅप १००. तिथे वाढीची वेगवेगळी सूत्रं आहेत. सगळ्यात सोपं म्हणजे लेव्हलचा घन, त्यामुळे शंभराव्या लेव्हलला बरोबर दहा लाख. दुसरं एक जरा गुंतागुंतीचं सूत्र आहे, त्यात लेव्हलच्या जागी १ घातला तर उत्तर उणे ५४ येतं. उणे आकडा ठेवायची सोय नव्हती, म्हणून तो उलटा फिरून अवाढव्य होई. नेहमीच्या खेळात पहिल्या लेव्हलचा पोकेमॉन मिळतच नसे, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. पण कुणी ग्लिच करून, म्हणजे गेममधल्या चुकीचा फायदा घेऊन, तसा मिळवला आणि त्याला पहिल्या लढाईत थोडेसेच एक्सपी दिले, तर तो थेट शंभराव्या लेव्हलवर उडी मारायचा. तेव्हापासून कुठलंही सूत्र लिहिलं की मी आधी शून्य, एक आणि शेवटचा आकडा घालून बघतो. तुम्हीही बघा. मधल्या आकड्यांना सूत्रं फार शहाण्यासारखी वागतात.

आता यंत्राची अडचण उरलेली नाही, तरी कॅप आहेच. का, हे समजून घ्यायला 'बाल्डर्स गेट ३' पुरेसा आहे. हा २०२३ चा गेम त्याच टेबलावरच्या डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेला. टेबलावर कॅप २०, गेममध्ये १२. हे छप्पर बारावर का अडलं? जादूगाराला तेराव्या लेव्हलला सातव्या पातळीचे मंत्र मिळू लागतात. (मंत्रांची पातळी वेगळी, पात्राची लेव्हल वेगळी. पहिल्या महिन्यात सगळेच यात गोंधळतात.) त्या मंत्रांत टेलिपोर्ट येतो, प्लेन शिफ्ट येतो. टेबलावर खेळाडू म्हणाला की आम्ही आत्ताच्या आत्ता दुसऱ्या लोकात जातो, तर सूत्रधार चहाचा घोट घेऊन तो लोक तिथल्या तिथे रचतो. कॉम्प्युटर गेममध्ये तो लोक कुणीतरी आधी बांधलेला असावा लागतो. त्यातली घरं, माणसं, त्यांचे संवाद, संवादांचं रेकॉर्डिंग, सगळं. म्हणजे तेरावी लेव्हल ही शीटमधली एक जास्तीची ओळ नसते, तिच्यामागे अख्ख्या टीमचं काम असतं.

मूळ 'बाल्डर्स गेट'ने १९९८ मध्ये हेच जरा वेगळ्या पद्धतीने केलं होतं. तिथे मर्यादा लेव्हलवर नव्हती, ८९,००० एक्सपीवर होती. वेगवेगळ्या वर्गांना (चोर, जादूगार असे पात्रांचे प्रकार) पुढच्या लेव्हलसाठी वेगवेगळे एक्सपी लागायचे, त्यामुळे एकाच छपराखाली चोर जरा उंच आणि जादूगार जरा बुटका राहायचा. मला ही पद्धत आजही आवडते. सगळ्यांना सारखीच लेव्हल मिळावी हा हट्ट अलीकडचा आहे.

डी अँड डीचा तक्ता शिकाऊ डिझायनरने पाठ करावा असं मी म्हणेन, आमच्या लहानपणी पाढे करायचो तसा. पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला ३०० एक्सपी, तिसऱ्याला ९००, पाचव्याला ६,५००, विसाव्याला ३,५५,०००. पण आकड्यांपेक्षा प्रत्येक लेव्हलला हातात काय पडतं ते बघा. पाचव्या लेव्हलला लढवय्याला एका वेळी दोन वार करता येतात, जादूगाराला फायरबॉल मिळतो. त्या दिवशी खेळ बदलतो. याउलट कित्येक मोबाइल गेममध्ये लेव्हल वाढली की ताकद २ टक्के वाढते आणि समोरचा राक्षसही २ टक्के तगडा होतो. पगारवाढ आणि महागाई यांचं जे नातं, तेच. खेळाडूला हे आठवडाभरात कळतं आणि तो गेम डिलीट करतो.

राक्षस खेळाडूबरोबर वाढवायचा मोह मात्र जबरदस्त असतो, कारण बॅलन्सचं, म्हणजे खेळ फार सोपा किंवा अवघड होऊ नये हे बघण्याचं, काम निम्मं होतं. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये हे टोकाला गेलं होतं. वाटेवरचे भुरटे दरोडेखोर पुढे पुढे अंगावर अतिमहाग काचेचं चिलखत घालून उभे. एवढं चिलखत ज्याच्याकडे आहे तो ते विकून घर का बांधत नाही, वाटसरूंकडे किरकोळ पैसे का मागतो, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांना पडला. त्याच स्टुडिओच्या पुढच्या 'स्कायरिम'मध्ये (२०११) हे बरंच सावरलं, पण तिथे दुसरी गंमत झाली. जे काम कराल त्यातलं कौशल्य वाढणार, म्हणून लोक लोहाराच्या भट्टीपाशी उभे राहून शेकड्यांनी लोखंडी खंजीर ठोकत बसले. पुढे पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) वस्तूच्या किमतीवर गुण मिळू लागले तेव्हा तो कारखाना मंदावला. त्यातलं छप्पर होतं ८१, सगळी कौशल्यं शंभरावर नेली की आपोआप येणारं. २०१३ मध्ये पूर्ण झालेलं कौशल्य पुन्हा खाली आणून वाढवायची सोय दिली आणि छप्पर उडालं.

ऑनलाइन गेमचं छप्पर हलतं असतं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ मध्ये ६० ला सुरू झाला. २००७ मध्ये ७०, २००८ मध्ये ८०, असं करत २०१८ मध्ये १२०. आता नव्या खेळाडूच्या बाजूने बघा. मित्र सगळे एकशे विसाव्या मजल्यावर पार्टी करतायत आणि हा तळमजल्यावर लिफ्ट शोधतोय. शिवाय मधल्या बऱ्याच मजल्यांवर काही मिळतही नव्हतं, कारण देण्यासारखं सगळं देऊन झालेलं. २०२० मध्ये गेमच्या कंपनीने, ब्लिझर्डने, १२० ची लेव्हल दाबून ५० वर आणली आणि नवी कॅप पुन्हा ६० केली. सोळा वर्षांनी गाडी मूळ स्टेशनवर.

याच गेममधली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. कुणी दिवसरात्र खेळू नये म्हणून चाचणीच्या काळात असं ठेवलं होतं की काही वेळ खेळलं की पात्र दमतं आणि एक्सपी निम्मे मिळतात. लोक भडकले. मग आकडे तेच ठेवून नावं फिरवली. जो निम्मा होता तो झाला 'नेहमीचा', जो पूर्ण होता तो झाला 'विश्रांती घेतल्याबद्दल दुप्पट'. लोक खूश. किराणा दुकानदाराला हे शिकवावं लागत नाही. तो आधी तराजूत कमी टाकून वर चिमूट चिमूट घालत जातो, जास्त टाकून काढत नाही. आम्ही इंजिनिअर लोक मात्र नेमके काढत बसतो.

आणि कधी कधी कॅप खेळाडूच ठरवतात. 'एल्डन रिंग'मध्ये कमाल लेव्हल ७१३, म्हणजे सगळे गुण ९९ वर. तिथवर फार थोडे जातात. कारण ठरावीक आकड्यांनंतर प्रत्येक पॉइंटचा फायदा घटत जातो. जीव वाढवणारा व्हिगर ४० नंतर मंदावतो, ६० नंतर त्यात पॉइंट घालणं म्हणजे नुसती हौस. याला सॉफ्ट कॅप म्हणतात. आपसात लढणारे खेळाडू तर सव्वाशे-दीडशेच्या आसपास थांबायचं स्वतःच ठरवतात, म्हणजे प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागतं आणि दोन पात्रं एकसारखी होत नाहीत. मला विचाराल तर प्रोग्रेशनची खरी मजा या सोडण्यात आहे. ज्याला सगळं मिळतं त्याचं बिल्ड (निवडून घडवलेलं पात्र) नसतं, नुसती यादी असते.

आता कामाचं. इंजिन शिकाच, पण या जागेसाठी आधी शीट शिका. लुकअप, अटींची सूत्रं, आलेख, आणि जमलं तर थोडं पायथन, म्हणजे हजार खोटे खेळाडू एका रात्रीत खेळवून बघता येतात. मी बीकॉम केलंय आणि कॉस्टिंगचा पेपर मला इथे जितका उपयोगी पडला तितका परीक्षेतही पडला नव्हता. मुलाखतीला येताना तुमच्या स्वप्नातल्या महागेमचं दोनशे पानी डॉक्युमेंट आणू नका, कुणी वाचत नाही. तुम्ही खूप खेळलेला एखादा गेम घ्या, त्याची कॅप पाचने खाली आणा किंवा वर न्या, आणि त्यामुळे काय काय मोडतं ते दोन पानांत मांडा. कुठलं कौशल्य हाताबाहेर जातं, कुठला बॉस, म्हणजे मोठा राक्षस, फुसका होतो, किती तासांचा मजकूर कमी पडतो. असं घेऊन आलेल्या मुलाला मी पुढचे प्रश्न आनंदाने विचारतो.

शीटमध्ये पहिला रकाना लेव्हलचा नसावा, वेळेचा असावा. दहाव्या मिनिटाला खेळाडूच्या हातात काय आहे, दुसऱ्या तासाला काय, विसाव्या तासाला काय. लेव्हल आणि एक्सपी त्याच्या उजवीकडे. आणि प्लेटेस्टला, म्हणजे गेम लोकांकडून खेळवून बघताना, खेळाडूच्या मागे बसाल तेव्हा तोंड बंद ठेवा. पहिल्यांदा मी दर दोन मिनिटांनी "तिथे स्किल पॉइंट आहे बघा" म्हणत होतो, शेवटी लीडने मला चहा आणायला पाठवलं.

ती पहिली शीट मी जपून ठेवली आहे. नवीन कुणी आलं की देतो आणि चूक शोधायला सांगतो. सगळे खाली स्क्रोल करतात, ५०० तास सापडतात, हसतात, मीही हसतो. यंदा एका इंटर्न मुलीने दोन तास घेतले आणि येऊन म्हणाली, "सर, शेवट तर गंडलेला आहेच, पण सुरुवात पाहिलीत का?" तिने प्रत्येक ओळीत भागाकार केला होता. पहिली लेव्हल ओलांडायला १० राक्षस. दुसरीला सहाच्याही आत. सातवीला जेमतेम ३.३. मग हळूहळू पुन्हा चढत, पहिल्या लेव्हलइतके दहा राक्षस लागायला चोविसावी लेव्हल उजाडते. म्हणजे नवख्या माणसाला पहिली पायरी सगळ्यात उंच, आणि पुढच्या बावीस पायऱ्या तिच्यापेक्षा बुटक्या.

मी ती शीट सहा वर्षं लोकांना दाखवत होतो. तिच्याकडून माउस घेतला आणि वरच्या ओळीपासून पुन्हा बघायला लागलो.